रेघेवरचा त्रिकोण

मला कुणी सकाळी सकाळी गोड बोलून लांब पाठवायला लागलं, की मी आता आधी विचारते, का? त्या दिवशी विचारलं नाही. बाबा म्हणाले, उत्तरेच्या घळीत काही गायी कुंपण ओलांडून गेल्यात, त्या हुडकून आणणं तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. बाबा स्तुती करतात ती वर्षातून एकदा, नाताळात, आईच्या बटाट्यांची. मी फुशारले आणि घोड्यावर बसून निघाले.

वासरांना निशाणी उठवायचा दिवस होता. आमच्या मोंटानात हे काम सावडीनेच होतं. आज शेजारी आमच्याकडे, पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडे. पहाटे गायी-वासरं कोंडवाड्यात आणायची, वासरं वेगळी काढायची, मग एकेकाचे मागचे पाय फासात घेऊन शेगडीपर्यंत ओढायचं. दोघं पाय धरतात, एक लस टोचतो, एक खच्ची करतो आणि मालक डागणी टेकवतो. बाहेर गायी हंबरून आभाळ डोक्यावर घेतात. वासराला निशाणी कुठली, हा प्रश्नच नसतो. आईच्या अंगावर जी, ती लेकराच्या.

आमच्या कळपात निशाण्या दोन. बाबांची वर्तुळातली फुली आणि माझी रेघेवरचा त्रिकोण. मी बारा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी मला एक कालवड दिली आणि ती डागणी स्वतः भट्टीत ठोकून दिली. म्हणाले होते, ही तुझी. त्या एका कालवडीच्या लेकी-नाती वाढवत मी माझा कळप उभा केला. फेब्रुवारीच्या बर्फात कोपरापर्यंत हात घालून अडलेली वासरं ओढून काढली, ती माझीही आणि बाबांचीही. माझा भाऊ गॅरेट तेव्हा डेन्व्हरमध्ये गालिचे विकत होता. मागच्या शरदात तो परत आला. नवे बूट, नवी टोपी, आणि जेवताना 'आपली रँच, आपली रँच'. मी दुर्लक्ष केलं. नवी टोपी आहे, चार दिवस मिरवेल, म्हटलं.

घळीत गायी होत्या, पण कुंपण मोडलेलं नव्हतं. फाटक उघडं होतं. फाटक वाऱ्याने उघडत नाही. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. त्या गायी हाकत मी कोंडवाड्याशी आले, तेव्हा जळक्या केसांचा धूर सगळीकडे पसरला होता आणि खालच्या कुरणातला कळप जवळजवळ उरकला होता. माझ्या सगळ्या गायी त्याच कळपात असतात. वरच्या कुरणातला कळप निव्वळ बाबांचा, तो जेवणानंतर घ्यायचा होता.

मी घोडा बांधत होते, तोवर व्हर्ला टटल जवळ आली. ती पलीकडच्या रँचवरची. सत्तरी ओलांडली, तरी लस टोचायला दरवर्षी तीच.

"पोरी, मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "तू सगळं सोडून गावात राहायला चाललीस, हे मला गॅरेटच्या तोंडून कळावं?"

"कोण चाललंय?"

"तूच. तुझ्या गायी बापाच्या कळपात घातल्यास म्हणे. म्हणून तर तुझी डागणी शेगडीत नाही."

मी धावत शेगडीशी गेले. गॅसच्या जाळात लोखंडं ओळीने तापत होती आणि एकूणएक वर्तुळातली फुली. माझी डागणी पिकअपच्या मागे रिकाम्या पोत्यांखाली सापडली. गार. तिच्यावर मागच्या वर्षीची राख तशीच होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं. कागद फाडता येतो, कुंपण हलवता येतं. वासराच्या कातडीवर उठलेली निशाणी मरेपर्यंत जात नाही. माझ्या नावाचं एकही वासरू नाही, म्हणजे पुढे माझा कळप नाही, आणि कळप नाही म्हणजे उद्यापासून मी या घरात भावाचा गडी. तेही बिनपगारी.

गॅरेट हातातलं लोखंड खाली ठेवून हसला. अगं घाईत राहून गेलं, म्हणाला, आणि बाबांनाही आता एकच निशाणी बरी वाटते, हिशेब सोपा पडतो. मी बाबांकडे पाहिलं. ते हातमोजे काढत होते. एकेक बोट, सावकाश, जसं काही त्यांच्या आयुष्यात एवढं एकच काम उरलं होतं.

"बाबा, फाटक कुणी उघडलं?"

"सगळं एकाच घरातलं आहे, थीया," ते म्हणाले. "लोकांसमोर कशाला?"

लोकांसमोर कशाला! लोकांसमोर माझी वासरं डागायला यांना लाज वाटली नव्हती. माझ्याशी बोलायची मात्र हिंमत नव्हती, म्हणून गुरं घळीत सोडून लेकीला त्यांच्यामागे धाडलं. केसाने गळा कापला माझा, आणि तोही ज्या हातांनी ती डागणी घडवली त्याच हातांनी. वर मला म्हणे गप्प बस.

मी गप्प बसले. पण कोंडवाड्याचं फाटक उघडलं.

वासरं बाहेर पडली. गायी आल्या. कुठल्या वासराची आई कुठली, हे माणसाला सांगावं लागतं, गायीला नाही. धुरळ्यात थोडा वेळ नुसता गोंधळ होता, मग हंबरणं हळूहळू कमी झालं आणि एकेक वासरू एकेक कासेला लागलं. जेवायला निघालेले शेजारी कुंपणाशी थांबले. गायीच्या बरगडीवर रेघेवरचा त्रिकोण, आणि खाली दूध पिणाऱ्या तिच्या वासरावर ताजी, ओली वर्तुळातली फुली. इथे एक, तिथे एक, पाण्याच्या टाकीशी तीन. शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. त्या सगळ्यांनीच तर त्या वासरांचे पाय धरले होते.

व्हर्लाने लशीची सुई पेटीत घातली आणि झाकण लावलं.

"ऑर्व्हिल," ती बाबांना म्हणाली, "इतकी वर्षं मी तुझ्या वासरांना सुया टोचल्या. दुसऱ्याच्या वासरावर आपली निशाणी उठवणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते माझ्या तोंडून वदवू नकोस. पोरांनो, घोडी गाडीत चढवा."

तिची दोन्ही मुलं मुकाट्याने खोगिरं सोडायला लागली. त्यांच्यामागे बाकीचे. बाबांचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा झाला. सावड तुटली की इथे माणूस संपतो. हिमवादळात अडकला तर ओढून काढायला कोण येणार?

आई टेबलापाशी उभी होती. बीन्स, भाजलेलं गोमांस, रुबार्बची आंबटगोड पाई, तीन दिवस खपून केलेलं सगळं मांडलेलं. माझी आई मरीट वाद घालत नाही, आयुष्यभर कधी घातला नाही, आणि त्याबद्दल माझा तिच्यावर वेगळा राग आहे. त्या दिवशी तिने बीन्सच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, मांसावर फडकं ओढलं आणि हात पुसून म्हणाली, "हे निस्तरल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. थांबा सगळे."

लोक थांबले. बाबा घसा खाकरून माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, चूक झाली, ती वासरं पुन्हा धरू, फुलीवर आडवी रेघ मारून ती रद्द करू आणि शेजारी तुझी निशाणी उठवू. रीत तीच आहे.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या लबाडीपायी ती एकदा भाजली. दुसऱ्यांदा भाजायची नाहीत. ती तुम्हाला ठेवा."

गॅरेटने सुटकेचा श्वास सोडला. तो मला ऐकू आला, आणि तो ऐकला नसता तर कदाचित मी पुढचं थोडं मऊ बोलले असते.

"एकाच घरातलं आहे ना सगळं?" मी म्हटलं. "मग वरच्या कळपातली तेवढीच वासरं आता माझ्या निशाणीची. मी निवडीन ती."

"त्या बाबांच्या निवडक गायी आहेत!" गॅरेट ओरडला. "आयुष्य गेलंय त्यांचं तो वाण करण्यात. तुला कळतंय का तू काय मागतेस?"

"कळतंय. त्यांची निम्मी वासरं मीच ओढून काढलीत. तू तेव्हा कुठल्या दिवाणखान्याचं माप घेत होतास?"

कुंपणापाशी कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा त्या घोड्यांकडे. मग पिकअपपाशी गेले, माझी डागणी उचलली, बाहीने तिच्यावरची राख पुसली आणि शेगडीत खोचली. आम्ही सगळे ती तापायची वाट बघत उभे राहिलो. लोखंड लाल होऊन चालत नाही, राखेच्या रंगावर आलं की घ्यायचं. ते तसं झालं तेव्हा बाबांनी मुठीला हात घातला.

"माझी डागणी मी धरते," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. व्हर्लाच्या थोरल्याने पहिलं वासरू फासात ओढत आणलं, त्या वर्षीची सगळ्यात देखणी काळी कालवड, बाबांच्या डोळ्यांत भरलेली. पाय धरायला कुणीच पुढे आलं नाही. सगळे गॅरेटकडे बघत होते. तो बाबांकडे बघत होता.

"पाय धर," बाबा त्याला म्हणाले.

नवे बूट शेणात रोवून तो बसला आणि त्याने पाय धरला. मी डागणी टेकवली. धूर त्याच्या तोंडावर गेला, त्याचे डोळे पाणावले, तो खोकला. माझा राग तसूभरही उतरला नव्हता. आजही उतरलेला नाही.

"सोडू का?" त्याने विचारलं.

"मी सांगेपर्यंत नाही," मी म्हटलं.