माझा आखूड पाय

मित्रांनो, मी पिंपळगाव रेणुकाईच्या चावडीतली जुनी खुर्ची आहे. वय झालं, पण माझी संशयाची खोड काही गेली नाही.

निजामाच्या राज्यात तालुक्याचा एक साहेब घोंगडीवर बसायला तयार होईना, म्हणून गावाने कचरू सुताराकडून मला करून घेतलं. कचरूचा हात चांगला, पण घाईत माझा एक पाय आखूड राहिला. तरी कौतुक फार झालं. साहेब येणार म्हटलं की मला पुसून मांडत. एरवी माझ्यावर कोणी बसत नसे. खाली कोंबडी खुशाल अंडी घाली.

साहेब बसला की समोरची माणसं बदलायची. आत्ता खिदळणारे कारभारी पाटील एकदम हात जोडायचे. "सारं बराबर हाय, हुजूर." माझ्यावर बसलेल्या माणसासमोर कोणी खरं बोललेलं मला आठवत नाही.

सत्तेचाळीस साली हैदराबादहून दीनानाथ नावाचे प्राध्यापक आले. राज्य कसं चालतं, लोकांना त्याविषयी काय वाटतं, याचा ते अभ्यास करत होते. बोलणं फार गोड. मला तेच खटकलं. कारण त्याच दिवसांत गावातल्या द्वारकाबाईंचा नवरा मच्छिंद्र कडब्याच्या गंजीत लपलेला होता. त्याने अख्ख्या गावाला देवळात बसवलं होतं, आणि एकेकाला विचारून ठरवलं होतं, की सरकारला सक्तीचं धान्य द्यायचं नाही. पोलीस त्याला शोधत होते.

गावाने सवयीने प्राध्यापकांना माझ्यावरच बसवलं.

"गावातले निर्णय कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

"सरकार घेतं, हुजूर," कारभारी म्हणाले. "आमाला काय कळतंय?"

"गाव कधी एकत्र बसत नाही?"

"बिलकुल न्हाई."

दीनानाथ लिहू लागले, पण माझ्या आखूड पायामुळे त्यांचं अक्षर वेडंवाकडं येऊ लागलं. शेवटी ते वैतागून उठले आणि खाली घोंगडीवर मांडी घालून बसले. तेव्हा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या द्वारकाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"दादा, तुमी लिवून राह्यले, ते वाचणार कोन?"

दीनानाथांनी लेखणी खाली ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं.

"आधी सरकारी कचेरीत जाईल," ते म्हणाले. "खर्च त्यांचाच आहे."

"मंग कारभारीमामा म्हन्ले, तेच लिवा."

त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि तेच लिहिलं. गाव काहीतरी लपवतंय, हे त्यांना कळलं होतं का? असावं. पण त्यांच्यावरही मी पुरता भरवसा ठेवत नाही. मच्छिंद्र वाचला, एवढं खरं. हैदराबादेत मात्र आमचं गाव अडाणी ठरलं असेल.

पुढच्या वर्षी राज्य बदललं. मच्छिंद्र उजळ माथ्याने हिंडू लागला. मला फार आनंद झाला. मग खादीतले नवे साहेब आले. "आता राज्य तुमचंच आहे, मोकळं बोला," असं म्हणून ते माझ्यावर बसले.

कारभाऱ्यांनी हात जोडले. "सारं बराबर हाय, हुजूर."

शेजारी मच्छिंद्र उभा होता. त्यानेही हात जोडले.

मित्रांनो, जुन्या वस्तू दुरुस्त करून जपाव्यात, असं तुम्हाला शिकवलेलं असेल. मला जरूर जपा. पण एक विनंती आहे, माझा आखूड पाय तसाच राहू द्या. बसणारा कधीतरी वैतागून खाली उतरेल.