मे महिन्याची पानं

आमच्या ह्यांना घाम येत नाही. ऐकायला बरं वाटतं, नाही का? बसमध्ये शेजारी उभं राहणाऱ्याला तर फारच. पण मधुमेहानं नसा खाल्ल्यापासून त्यांच्या अंगाला घाम फुटतच नाही, आणि अंग एकदा तापलं की तापतच जातं. मागच्या मेमध्ये बँकेतून चालत आले आणि जिन्यातच कोसळले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "काकू, त्यांची खोली गार राहिली पाहिजे. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात फारसं काही नसेल."

खोली गार राहायची ती दारातल्या झाडांमुळे. विश्रांतवाडीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या पश्चिमेला. रस्त्याकडेला रेन ट्रीची रांग, फांद्या पार आमच्या गॅलरीत. भर मेमध्ये दुपारी आत दिवा लावावा लागे इतकी सावली. एसीची कधी गरजच पडली नाही. आणि नेमका हाच रस्ता रुंद करायचं ठरलं. म्हणजे झाडं जाणार.

हरकत घ्यायची हे सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर जिलबी खाताना ठरलं. आमच्या सोसायटीत सगळं तेव्हाच ठरतं, कारण वर्षातून तेवढ्याच वेळी सगळे खाली उतरतात. तळमजल्यावरची अस्मिता एका कंपनीत शहरातल्या उष्णतेचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर चालवते. ती म्हणाली, "नुसतं 'झाडं तोडू नका' म्हटलं तर कोणी ऐकत नाही, काकू. मला झाडांचा डेटा द्या, मी मॉडेल रन करते. मेमधल्या दुपारी झाडं असताना रस्ता आणि भिंती किती तापतात, नसताना किती, ते सगळं नकाशावर दिसेल. लाल आणि निळं. मग बघू काय बोलतात."

डेटा म्हणजे झाडाची उंची, पसारा आणि पानं किती दाट ते. झाडाखाली उभं राहून मोबाइल सरळ वर धरायचा आणि फोटो काढायचा. पानांतून किती आकाश दिसतं त्यावरून दाटपणा काढतात.

हे काम कोणाच्या गळ्यात पडलं ते सांगायला नकोच. आमच्या ह्यांची, म्हणजे दिगंबरपंतांची, सगळी नोकरी हवामान खात्यात तापमापक वाचण्यात गेली. तिथे एक शिस्त होती. स्वतः वाचलेला आकडाच लिहायचा. वाचन हुकलं तर रकाना कोरा ठेवायचा, अंदाजानं भरायचा नाही. नोकरी संपली, पण शिस्त काही ह्यांना सोडून गेली नाही. घरात दूध उतू गेलं तरी किती गेलं ते ओट्यापाशी जाऊन बघून सांगणार.

"ऊन चढायच्या आत उरकू," असं मीच काय, सगळेच म्हणाले. ह्यांना उन्हात कसं पाठवणार? म्हणून फेब्रुवारीतल्या गार सकाळी हे टोपी घालून पुढे आणि मी पाण्याची बाटली घेऊन मागे. प्रत्येक झाडाखाली मान वर करून उभे. खाली वाळक्या पानांचा हा खच! रस्ता झाडणारी नंदा वैतागायची, "काका, पाय उचलून चाला की, आत्ताच गोळा केलंय." महिना संपायच्या आत माहिती महापालिकेच्या कचेरीत दाखल करायची होती. ह्यांनी खाली ठसठशीत सही केली, पोच घेतली आणि घरी येऊन दोन कप चहा प्याले. किती दिवसांनी एवढे खूश दिसले म्हणून सांगू!

मग एका संध्याकाळी अस्मिता लॅपटॉप घेऊन वर आली. चेहरा उतरलेला. झाडं असतानाचा नकाशा आणि नसतानाचा नकाशा, दोन्ही सारखेच लालभडक. आमच्या भिंतीवर फरक म्हणाल तर जेमतेम अर्धा अंश.

"तुझं ते मशीन आंधळं आहे का गं?" मी म्हणाले.

तिनं ह्यांनी काढलेले फोटो उघडले. काड्या, काड्या आणि मागे निळंशार आकाश. "काका, झाडांवर पानंच नाहीत हो," ती म्हणाली. "रेन ट्री आत्ता पान गाळतं. एप्रिलमध्ये पुन्हा भरतं. आपण सॉफ्टवेअरला सांगितलं, मेमध्येही ही झाडं अशीच बोडकी असतात. त्यानं ऐकलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी शिकलीसवरलेली माणसं आम्ही, आणि एकाच्याही डोक्यात येऊ नये? पायाखाली पानंच तुडवत होतो की! ह्यांना ऊन लागू नये म्हणून फेब्रुवारी धरला आणि तिथेच घात झाला.

अस्मिता हुशार. तिनं पुस्तकातून रेन ट्रीच्या भरलेल्या झाडाचा ठरावीक आकडा घेतला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. अख्खा रस्ता निळा झाला. आमची भिंत सहा अंशांनी उतरली. मला रडूच आलं, आणि लाज वाटली नाही.

"मार्चमध्ये सुनावणी आहे," अस्मिता म्हणाली. "पण पहिली माहिती काकांच्या सहीनं तिथे पडलीय, तिचा नकाशाही द्यावाच लागेल. आकडे का बदलले असं साहेब विचारतीलच. काका, तुम्ही एवढंच म्हणा, मागच्या मेमध्येही मोजलं होतं. बास."

हे चष्मा पुसत राहिले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "अहो, आयुष्यात एकदा. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी कशाला? जगायचं तर मलाच आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, ऐकलं. वेडी मी!

सुनावणी घेणारे साहेब तसे वाईट नव्हते. पंखा ह्यांच्याकडे वळवायला लावला, पाणी मागवलं. जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "आजोबा, पहिल्यात पानं नाहीत, दुसऱ्यात भरपूर आहेत. झाडं तीच. आम्ही कुठलं धरायचं?"

"पहिलं फेब्रुवारीतलं आहे. तेव्हा पानगळ असते. मेमध्ये झाड भरलेलं असतं," हे म्हणाले. मी अस्मिताचा हात घट्ट धरला.

"बरोबर. मग मेमध्ये किती पानं असतात, ते तुम्ही मोजलंय का?"

एक शब्द बोलायचा होता. एकच. 'हो.' कोण तपासायला जाणार होतं? मी मनात म्हणत होते, बोला हो, बोला.

"नाही," हे म्हणाले. "मोजलेलं नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाज मी सांगत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठलेच. "अहो साहेब, वीस वर्षं त्या सावलीत राहतोय आम्ही! यात मोजायचं काय? डोळ्यांना दिसत नाही का?"

"आजी, दिसतं हो," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पण मोजून दिलेला कागद एकच आहे, आणि त्यात अर्धा अंश आहे. मेमध्ये मोजून आणा, मी नक्की बघतो." कामाचा आदेश मार्चअखेरचा होता.

रिक्षात मी ह्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही. आठ दिवस बोलले नाही. जेवण वाढत होते, गोळ्या देत होते, पण तोंडातून शब्द नाही. माणसानं स्वतःच्या जिवापुढे रकाना धरावा? मग म्हटलं, कोणावर रागावणार, आणि किती दिवस?

एप्रिलच्या सुरुवातीला करवती आल्या तेव्हा झाडांना कोवळी पालवी फुटली होती. हे गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसले. मी आत ओढलं तरी उठेनात.

आता काय, घराघरांत एसी लागले, आम्हीही लावला. पण सगळे एकदम सुरू झाले की दुपारी दोनच्या सुमारास वीज जाते ती संध्याकाळीच येते. लोणी काळभोरला माझ्या बहिणीकडे, हेमाकडे जाऊन पाहिलं. तिच्या घरावर पत्रे. दुसऱ्याच दिवशी परत आलो.

काल दुपारी वीज गेली. ह्यांचं अंग नुसतं भाजत होतं, ओठ कोरडे. मी गार पाण्याचा टॉवेल पिळून छातीवर टाकला. ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "खोलीत किती आहे?"

भिंतीवरच्या तापमापकात एक्केचाळीस होते.

"पस्तीस," मी म्हणाले.

"मग टॉवेल काढ," ते म्हणाले. "एवढ्यात ओलं कशाला? थंडी वाजतेय." आणि खरंच टॉवेल बाजूला सारायला लागले.

मी त्यांचा हात धरला. चटका बसावा इतका तापलेला. "एक्केचाळीस आहेत हो," मी म्हणाले, आणि हुंदका आवरला नाही. "एक्केचाळीस आहेत. राहू द्या तो टॉवेल."

हात सैल पडला. थोड्या वेळानं म्हणाले, "मे अजून लागायचाय ना?"

"लागायचाय," मी म्हणाले, आणि टॉवेल उचलून पुन्हा बादलीत बुचकळला.