पोटातली कणीक

समुद्र हिमानीने एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत; पण समुद्री कासव कसं पोहतं हे तिला तोंडपाठ होतं. नागपुरातल्या कॉलेजात शिकवता शिकवता तिने रबरी वल्ह्यांचं यांत्रिक कासव बनवलं, तळ्यातलं पाणी तपासायला. पंख्यावर चालणारं यंत्र पाण्यात शिरलं की माशांची दाणादाण उडते. हे कासव शिरलं की मासे उलट जवळ येत.

त्यातली अर्धी करामत तिच्या आईची, शोभाताईंची. सक्करदऱ्याच्या तळ्यावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायचा हा त्यांचा जुना नेम. "रिकाम्या पोटानं काहून फिरवतं वं त्याले?" त्या म्हणाल्या होत्या. "माह्या गोळ्या भर. मासोळ्याईले चारंल, तं तुले पुण्य लागंल." हिमानीने हसत हसत भरल्या. कासवाच्या पोटाचं झाकण उघडायचं, गोळ्या सुटायच्या, मासे तुटून पडायचे. त्या व्हिडिओने कॉलेजचं नाव झालं आणि नको त्या माणसाचंही तिकडे लक्ष गेलं.

आज काठावर स्फोटकांच्या कारखान्याचे साहेब उभे होते. प्राचार्यांनी तर चहा निवायच्या आत होकार दिला होता. साहेबांना आता फक्त मासे बघायचे होते.

"या पोटात आमचा माल बसेल," साहेब म्हणाले. "जहाजाखाली जाऊन फुटेपर्यंत कोणाला संशय यायचा नाही. मासेसुद्धा घाबरत नाहीत म्हणता ना?"

नाही म्हणायची हिमानीची प्राज्ञा नव्हती, पण रिमोट तिच्या हातात होता आणि कणीक तिने आज मुद्दाम भरली नव्हती. कासव सोडून तिने वल्ही अशी आपटायला लावली की पाणी घुसळून निघालं. मासे जीव घेऊन पळाले. साहेबांचा चेहरा पडला. तिला इतकं हायसं वाटलं की हसू दाबता येईना.

"बिघडलंय," म्हणत तिने कासव थांबवलं.

पाणी निवळलं. एक मासा आला. मागोमाग चार. मग झुंडच आली आणि बंद झाकणाला तोंडं लावू लागली.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "मार खाऊनही परत येतात! काम झालं, मॅडम."

तिने कासव पुन्हा आपटलं. मासे पांगले, पुन्हा आले. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून स्वतःचा. हा विश्वास तिनेच त्यांच्यात रुजवला होता.

मागून शोभाताई डबा घेऊन लगबगीने आल्या.

"अवं, उपाशी हायेत ते! आण इकडं कासव, त्याचं पोट भरून देतो."