भागाबाईची रवी आणि गोटूचे बाळसे

मी एक जुनी रवी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलेही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. दही घुसळून ताक आणि लोणी काढायचे हे माझे काम. खाली पाकळ्या पाडलेले गोल डोके, वर लांब दांडा आणि दांड्याला दोरीचे वेढे. दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढली की मी दह्याच्या डेऱ्यात, म्हणजे मोठ्या मडक्यात, गरगर फिरू लागते. जन्मभर एकाच जागी फिरले, तरी जग पुष्कळ पाहिले असे मला वाटते. थोडी फुशारकी मारायची सवय आहे मला, तेवढी सांभाळून घ्या.

बुऱ्हाणपूरहून सकाळी निघालेली बैलगाडी दुपारच्या जेवणाला पोचेल, एवढ्या अंतरावर तापीकाठी आमचे गाव. तिथे यादव सुतार बैलगाडीसाठी अंजनाचा ओंडका तासत होता. त्यातला उरलेला तुकडा म्हणजे मी. अंजनाचे लाकूड फार कठीण असते. यादवच्या पटाशीची धार दोनदा गेली आणि त्याने मला भरपूर शिव्या दिल्या. पण मला चुलीत न घालता त्याने नेटाने माझ्या पाकळ्या कोरल्या, त्याचे उपकार मी कशी विसरेन? मजुरी म्हणून भागाबाईने त्याला लोण्याचा गोळा दिला. मी घडले ती लोण्याच्या बोलीवर, म्हणूनच कदाचित मला माझ्या कामाचा एवढा अभिमान आहे.

भागाबाई म्हणजे माझी मालकीण. तिचा नवरा कौतिक पाटील ज्वारी, तूर आणि थोडा कापूस पिकवी. गोठ्यात दोन म्हशी होत्या. रोज सकाळी भागाबाई डेऱ्यापुढे बसे आणि माझा घुरघुर आवाज गल्लीभर जाई. तो आवाज मंदावला, म्हणजे लोणी आले, हे साऱ्या बायकांना ठाऊक होते. मग कोणी तांब्या, कोणी कळशी, कोणी चेपलेले पातेले घेऊन दारात येई.

आमच्याकडे ताक विकत नसत. तूप बुऱ्हाणपूरच्या बाजारात जाई, त्याचे पैसे घरात येत. ताक मात्र गल्लीचे. ताकाला जाऊन भांडे लपवणारी माणसे जगात असतात म्हणे, आमच्या गल्लीत तसे कोणी नव्हते. भांडे पुढे करायचे, दोन शब्द बोलायचे, ताक घेऊन जायचे. मागणारीला लाज नाही आणि देणारीला तोरा नाही.

सर्वांत आधी येई ती रंभाबाई. ती आणि तिचा नवरा निंबा कौतिकच्याच शेतात मजुरीला जात. तेव्हा मजुरी ज्वारीत मिळे. त्या ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून रंभाबाईने आपली दोन लेकरे वाढवली. घरात फारसे काही नव्हते, पण पोरे कशी तुकतुकीत होती! त्यात माझाही वाटा आहे, हे मी मोठ्या आनंदाने सांगते.

मग दिवस पालटले. संस्थाने जाऊन नवी राज्ये जोडली जात होती. आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून निघून भोपाळच्या राज्यात गेला. आम्ही होतो तिथेच बसून राहिलो आणि राजधानीच उठून दुसरीकडे गेली, याचे मला मोठे नवल वाटले. गावापर्यंत पक्की सडक आली. सडकेवरून मोटार आली आणि मोटारीमागून सायकलवर दुधाचे डबे लटकावून अरविंद आला.

हा अरविंद शहरातल्या सिंधीपुऱ्यातल्या एका मिठाईवाल्यासाठी दूध गोळा करी. शहरात माणसे वाढली होती, चहाची हॉटेले वाढली होती आणि मावा-जिलबीला तर मरण नव्हते. दुधाला असा भाव आला की तूप काढणे म्हणजे वेडेपणा ठरला. त्यातून डब्यातले वनस्पती तूप दुकानात स्वस्त मिळू लागले होते. घरचे तूप महाग म्हणून कोणी घेईना.

कौतिकला विहिरीवर इंजिन बसवून केळी लावायची होती. त्यात वाईट काय होते? भाव बघून पेरावे आणि भाव बघून विकावे, हे कोणत्याही शहाण्या शेतकऱ्याने केले असते. दोन्ही म्हशींचे दूध धारेबरोबर अरविंदच्या डब्यात जाऊ लागले. ज्वारी आणि तूर यांच्या जागी कापूस वाढला आणि मोटेच्या पाण्यावर थोडी केळी उभी राहिली. शेतात ज्वारी उरली नाही, म्हणून मजुरी रोख मिळू लागली. रोख पैसा हातात आला म्हणून रंभाबाईही आधी हरखली होती.

आणि मी? मला धुऊन, पुसून माळ्यावर ठेवले. लोण्याचा शेवटचा कण वाळला आणि माझ्या दांड्यावर कोळ्याने जाळे विणले. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले. माळ्याच्या फटीतून खाली स्वयंपाकघर दिसे, तेवढाच विरंगुळा.

पण मित्रांनो, माझ्या दुःखापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. बायका दोन-चार सकाळी सवयीने दारात आल्या. त्यांना कोणी "नाही" म्हटले नाही. भागाबाईने चहा पाजला, विचारपूस केली. ताक नव्हते, कारण दही नव्हते, आणि दही नव्हते, कारण दूध गेले होते. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. कोणाला काही चुकले असे वाटलेसुद्धा नाही.

त्याच वर्षी रंभाबाईच्या तिसऱ्या लेकराचे अंगावरचे दूध सुटले. त्याचे नाव गोटू. आधीच्या दोघांना ताक-कण्या मिळाल्या होत्या. गोटूच्या वेळी ज्वारी दुकानातून आणावी लागे आणि तिचा भाव चढलेला. तुरीची डाळ तर सणाच्या दिवशी. गूळ आणि चहाची पत्ती मात्र परवडे. मग रंभाबाई भाकरीचा तुकडा काळ्या चहात कुस्करून त्याला भरवी. पोर गुमान खाई.

काही महिन्यांनी ती त्याला कडेवर घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा भागाबाई कौतुकाने म्हणाली, "काय वं रंभा, लेकरू कसं गुटगुटीत झालं! गाल तं पाह्य त्याचे!"

"चहा मानवला त्याले, जिजी," रंभाबाई हसून म्हणाली. "रडत बी नही आता. ठेवलं तिथंच बसून राह्यते, बिलकुल तरास नही."

साऱ्या गल्लीने तेच म्हटले. गोटूने बाळसे धरले! आमच्याकडे लेकरू गोंडस झाले की आधी त्याची दृष्ट काढतात. रंभाबाईने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, गालाला काजळाची तीट लावली आणि पायात काळा दोरा बांधला. मी वरून पाहत होते. मलाही ते पोर छानच दिसले. केस तेवढे भुरके झाले होते, पण उन्हातान्हाने होतात कधी कधी, असे मला वाटले.

एके दिवशी दुपारी रंभाबाई कात्री मागायला आली. गोटूच्या पायातला दोरा रुतला होता. "दृष्ट लागू नये म्हणून बांधला, तं आता निंघतच नही," ती म्हणाली. भागाबाईने पोराला मांडीवर घेतले, घोट्याजवळ बोटाने दाबून दोऱ्याखाली कात्रीचे टोक घातले आणि दोरा कापला. तिने बोट उचलले. बोटाचा खळगा तसाच राहिला.

भागाबाईने पुन्हा दाबून पाहिले. पुन्हा खळगा पडला आणि भरून येईना. तिने गोटूच्या तोंडाकडे पाहिले. एवढी कात्री टोचत होती, तरी तो रडला नव्हता. नुसता एकटक बघत होता.

"रंभा," ती हळूच म्हणाली, "हे बाळसं नोहे वं माय. हे सुजेल आहे."

रंभाबाईने त्याचा दुसरा पाय दाबून पाहिला, तिथेही खळगा पडला. त्या क्षणी मी माळ्यावरून खाली पडले असते तर बरे, असे मला झाले, इतकी मी घाबरले होते. आम्ही सगळ्यांनी ज्याची दृष्ट काढली, ते पोर डोळ्यांसमोर संपत चालले होते.

दोघी तशाच मोटारीने शहरात गेल्या. राजपुऱ्यातल्या डॉक्टरांनी काय सांगितले ते भागाबाईने परत आल्यावर कौतिकला सांगितले, तेच मी ऐकले. पोराच्या अंगात सत्त्व उरले नव्हते. चहा-भाकरीने पोट भरत होते, पण शरीर बांधणारे काही जात नव्हते. औषध थोडे होते. खरे औषध म्हणजे दूध, ताक, डाळ. तेही थोडे थोडे, पण रोज. नाहीतर पोर हाती लागणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

कौतिक दुष्ट नव्हता. तो लगेच म्हणाला, "मंग द्या ना त्याले रोज वाटीभर दूध. आपल्याले काय जड आहे? बाकीचं अरविंद घीऊन जाईन."

"गोटूचं डोळ्याले दिसलं म्हणून त्याले वाटी," भागाबाई म्हणाली. "गल्लीतल्या बाकी लेकराईच्या पायाले कोणी बोट लावून पाह्यलं काय? वाटीभर दूध एकाले पुरते. तेवढ्याच दुधाचं ताक साऱ्या घराईले पुरते."

"अवं, पण इंजिन? तुपाले आता कोण पुसते?"

"इंजिन एक साल मांगं जाईन. लेकरू मांगं पडलं तं कुठून आणशीन?"

कौतिक ओसरीवर जाऊन तंबाखू मळू लागला. भाव, इंजिन, केळी हे सारे खरे होते, आणि गोटूच्या पायावरचा तो खळगाही खरा होता. मग तो उठला, शिडी लावली आणि माळ्यावर चढला. त्याच्या खरखरीत हाताने माझ्या अंगावरचे जाळे पुसले. आयुष्यात मला अनेकांनी हात लावला, पण त्या स्पर्शाइतका गोड स्पर्श मला आठवत नाही. खाली आल्यावर तो एवढेच म्हणाला, "दोरी सडली हिची. नवी वळून देतो."

दुसऱ्या दिवशी अरविंदच्या डब्यात एकाच म्हशीचे दूध पडले. "काकू, ये क्या?" तो कुरकुरला. "मावा कमी पडीन, शेठजीले मी काय सांगू?"

"सांग, म्हैस आटली म्हणून," भागाबाई म्हणाली. म्हैस मागे उभी राहून शांतपणे रवंथ करीत होती. अरविंदने तिच्या भरल्या कासेकडे पाहिले, हसला आणि सायकलवर बसला. गोटूची गोष्ट त्याच्याही कानावर आली होती, आणि तोही लेकुरवाळा होता.

मी पुन्हा फिरू लागले. डेऱ्यात पहिल्यांदा दही लागले तेव्हा माझ्या वाळलेल्या पाकळ्यांना काय वाटले म्हणून सांगू! घुरघुर आवाज गल्लीत गेला आणि बायका घराबाहेर आल्या. पण रंभाबाई आली नाही. दवाखान्याला भागाबाईने नेले, आता रोज काय म्हणून हात पसरायचा, असे तिला वाटत होते. तेव्हा भागाबाईने दारातूनच हाक मारली, "रंभा, ताक आंबून राह्यलं! की पाटलाची बायको असून मीच आणून देऊ?" गल्ली हसली आणि रंभाबाई पदराने डोळे पुसत कळशी घेऊन आली. दूध दिले असते तर ते दान झाले असते. ताक मात्र तिचे हक्काचे होते.

आधी ती चमच्याने पातळ ताक पाजी, मग ताकात शिजवलेल्या कण्या, मग वरणाचे पाणी. वाटीभर दूधही भागाबाई रोज गुपचूप कळशीशेजारी ठेवून देई. काही दिवसांनी गोटूची सूज उतरली आणि खाली हाडांचा सापळा दिसू लागला. "वाळलं वं लेकरू! जाड होतं तेच बरं होतं!" गल्लीतल्या बायका हळहळल्या. रंभाबाईचाही धीर सुटला. भागाबाई मात्र रोज त्याच्या पायाला बोट लावून पाही आणि म्हणे, "खळगा पडत नही आता. भरव तू."

आणि मग ती सकाळ आली. मी फिरत होते, रंभाबाई दारात बसून गोटूला भरवत होती. वाटी संपली. तिने ती खाली ठेवली आणि गोटूने एकदम तोंड वासून असा टाहो फोडला की गोठ्यातल्या म्हशी दचकल्या. त्याला आणखी हवे होते. तो हात-पाय झाडत होता, लाल झाला होता, वाटीकडे झेप घेत होता.

"रडून राह्यलं, जिजी!" रंभाबाई ओरडली. "माहं लेकरू रडून राह्यलं!"

दारादारातल्या बायका धावत आल्या. कोणी हसत होती, कोणी डोळे पुसत होती, आणि मधोमध गोटू गळा काढून रडत होता. भागाबाईने दोरी सोडली, डेऱ्यात वाटी बुडवली आणि ताकासकट लोण्याचा गोळा त्याच्यापुढे धरला. इतके गोड रडणे मी पुन्हा ऐकले नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. इंजिन दुसऱ्या वर्षी आले, केळीही झाली, घरात पैसाही आला. त्याचा मला आनंदच आहे. बाजार वाईट असतो असे मी कधी म्हणणार नाही, मी स्वतः लोण्याच्या बदल्यात घडले आहे. यादवची, भागाबाईची आणि शिडी चढणाऱ्या कौतिकची मी ऋणी आहे. तुमच्याकडे एवढेच मागते. घरातले काही विकायला काढाल तेव्हा भाव जरूर विचारा, पण ते आजवर कोणाच्या लेकराच्या तोंडात जात होते, हेही विचारा. त्या लेकराला तुमचा भाव कळत नाही. त्याला फक्त भूक लागते, आणि कधी कधी ती सांगायलाही त्याच्या अंगात बळ उरत नाही.