मास्तरांची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला धाप लागली आहे, तेव्हा जन्माची कथा भरभर उरकतो. कारखान्यात जोडला गेलो, दुकानाच्या काचेत बसलो आणि एका संगीत मास्तरांच्या टेबलावर आलो. ते माझ्यात पाच रेघांवर स्वर मांडायचे. कुणाचा आवाज चढत नसला की मी सगळं गाणं, साथीच्या वाद्यांसकट, एका दमात खालच्या पट्टीत नेऊन द्यायचो. "गड्या, तू नसतास तर माझी बोटं झिजली असती," असं ते म्हणायचे. काय मान होता माझा!

मग नवे संगणक आले. माझ्यातली स्वरलिपी त्यांना वाचता येईना. ती सगळ्यांना कळेल अशा रूपात बदलून घ्यावी लागते. एवढं एक काम मास्तरांनी टाळलं. आजारपणात त्यांनी शेवटचं गाणं माझ्यातच लिहिलं आणि कुणाला ऐकवण्याआधीच ते गेले. माझी रवानगी टेबलाखाली झाली. धूळ खात पडलो.

आज त्यांच्या लेकीने मला पुसून सुरू केलं. संध्याकाळी मास्तरांच्या आठवणीत कार्यक्रम आहे आणि ते गाणं त्यांची धाकटी बहीण गाणार आहे. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज उतरला आहे, म्हणून पट्टी खाली हवी. माझ्या पोटात तर सुरू केल्यापासूनच खडखड चालली होती.

"आत्या, हे जमतंय का?"

"अगं, अजून जरा खाली घे."

"आणि आता?"

"आता विहिरीतच उतरवलंस की मला! थोडं वर."

दोघी हसल्या. इकडे माझा जीव टांगणीला लागलेला. अगं बाई, आधी आहे तसं गाणं बाहेर काढ, पट्टीचं नंतर बघ! पण गाणाऱ्यांची खोडच ती, पट्टी लागल्याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही.

"एकदा पट्टी ठरू दे, मग रूपांतर करते," लेक म्हणाली. पट्टी ठरली. तिने रूपांतराचं बटण दाबलं आणि मी जागच्या जागी गोठलो.

स्क्रीनवर दिसत होतं तेवढं तिने रडत रडत कागदावर उतरवलं. शेवटची ओळ स्क्रीनच्या काठाखाली राहिली. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "बंद करून डिस्क काढावी लागेल, ताई. निघालं तर निघालं. खात्री नाही देत."

आत्याने तो कागद घेतला आणि गायला लागली. काय गायली हो! उतरवलेलं संपलं तिथे थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, पुढे काय रे?"

मला माहीत आहे हो! अख्खी ओळ पाठ आहे, पण तोंड कुठून आणू?

मित्रांनो, तुमच्या माणसांचं जे काही आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पोटात आहे, ते आम्ही चालते आहोत तोवर काढून घ्या. हात जोडता आले असते तर जोडले असते. लेकीचं बोट आता मला बंद करायच्या बटणावर आहे. दाब, बाळ. पण काही निघालं नाही, तरी मला भंगारात टाकू नकोस. ती ओळ माझ्याशिवाय कुठेच नाही.