शेवटच्या घरचा नळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. रोज सकाळी सात वाजले की माझा जीव खालीवर होतो. आज तरी येईल का पाणी?

एकोडीपासून थोडं आत आमचं गाव. टाकी वरच्या टोकाला, मी खालच्या टोकाला, विमलाबाईंच्या अंगणात. सरकारी योजनेचा पाईप गल्लीत आला त्या दिवशी त्यांनी पहिला गुंड, म्हणजे आमच्याकडची घागर, भरला आणि माझ्यावरून ओला हात फिरवला. विहिरीची पायपीट सुटली होती. तो हात मी अजून विसरलो नाही.

मग गावात टिल्लू पंप शिरले. हा एवढासा विजेचा पंप नळाला लावला की पाईपातलं पाणी ओढून घेतो. आधी एकानं लावला, मग आपल्याला मिळेना म्हणून दुसऱ्यानं. माझ्यापर्यंत पोचायची ती नुसती हवा. फुस्स करायचं आणि गप्प राहायचं, एवढंच काम उरलं. लाज वाटायची हो! कारण विमलाबाई मजुरीतून दर महिन्याला पाणीपट्टी न चुकता भरत होत्या, आणि पाणी पुन्हा विहिरीवरूनच आणत होत्या.

मार्चमध्ये त्यांनी हात टेकले. पाणी सोडणाऱ्या धनीरामला बोलावलं. तो टाकीचा व्हॉल्व्ह उघडून, पाना घेऊनच आला.

"भाऊ, हा नळ काढून टाक. पानी नाही तं पैसे कायले देऊ?"

"बाई, अर्धं गाव तसंही देत नाही. तुमीबी बंद केले तं मोटारीचं बिल कोन भरन? टाकीच भरनार नाही."

"मंग मीच काहून भरू साऱ्या गावासाठी?"

धनीरामनं माझ्या मानेला पाना लावला. आता आपण भंगारात जाणार, हे मला कळून चुकलं.

एवढ्यात गावची लाईट गेली.

सगळ्या टिल्लूंची घरघर थांबली. माझ्या पोटात गुडगुडलं आणि धो धो पाणी आलं! धनीरामच्या बाह्या भिजल्या, विमलाबाई गुंड आणायला धावल्या. दहा मिनिटांनी लाईट आली आणि माझी धार बारीक होत होत तुटली.

"पाना ठेव," विमलाबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या. "पानी सुटते तेव्हा अर्धा तास लाईट बंद ठेवा. नाही तं माझा नळ काढा, अन् मोटारीचं बिल तुमी भरा."

बराच गोंधळ झाला. कुणाला पंखा हवा होता, कुणाला टीव्ही. मग पाणीपट्टीची वही उघडली. आमच्या गल्लीत बाकी नसलेलं नाव एकच निघालं, विमलाबाईंचं. ठराव झाला.

उद्या पहिला दिवस. मित्रांनो, तुमचा गुंड भरला की पाणी पुढे जाऊ द्या. खालच्या टोकालाही कुणीतरी पैसे भरून वाट पाहत असतं. विमलाबाईंनी आजच सगळे गुंड घासून माझ्याखाली मांडून ठेवलेत. मला कसं चैन पडावं?