इंजिन निवेपर्यंत

"बाईसाहेब रुसल्यात," अनिरुद्ध फोनवर म्हणाला, आणि जयाने पोह्यांची फोडणी तशीच टाकून गॅस बंद केला. घटस्फोटाला दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात या गृहस्थाने तिला दिवाळीला फोन केला नव्हता की वाढदिवसाला. पण बाईसाहेब रुसल्या की हमखास करायचा. आणि एरवी हडपसरच्या कंपनीत भल्याभल्यांना वठणीवर आणणारी ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर हत्यारांची पिशवी उचलून निघायची. आज तर त्याने वर आणखी म्हटलं होतं, "ये, थोडं बोलायचंही आहे."

त्या एका वाक्यापायी जयाने नवा निळा कुर्ता घातला. ग्रीसमध्ये हात घालायला कुणी नवा कुर्ता घालतं का? पण सांगणार कोण तिला! कर्वेनगरला पोचेपर्यंत रिक्षात ती मनाशी उत्तर जुळवत होती. परत ये म्हणाला, तर लगेच हो म्हणायचं नाही. थोडं ताणायचं. फार नाही.

बाईसाहेब म्हणजे त्यांची गाडी. पस्तीस वर्षांची, इटालियन, लाल, दोनच सीटची. कुण्या उद्योगपतीच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली सडत पडली होती. फ्लॅटसाठी साठवलेल्या पैशांतून नव्या नवरा-बायकोने ती उचलली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. "राहणार कुठे, डिकीत?" असं अनिरुद्धच्या मामांनी शांतपणे विचारलं होतं.

हौस अनिरुद्धची आणि हात जयाचे. तिचे वडील भीमराव अकोल्याच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होते. गाडीचं दुखणं कानाने ओळखायला ती त्यांच्याकडूनच शिकली होती. आणि बाईसाहेबांची दुखणी म्हणाल तर ढीगभर. गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत दुसरा गिअर पडायचाच नाही. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचं. बॉनेटमधून वर येणाऱ्या दोन दिव्यांपैकी डावा आळशी. त्याला चापट मारून उठवायचं. काच वर चढताना खालून तळव्याचा आधार द्यायचा. या सगळ्याची दोघांना सवय झाली होती.

मोठं दुखणं वेगळंच होतं. तापलेलं इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू व्हायचं नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मग मागचं झाकण उघडायचं आणि इंजिन निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहायचं. पानशेतला बसले, सासवडच्या घाटात बसले, एकदा तर भर लक्ष्मी रोडवर लोकांचे टोमणे खात बसले.

जयाला ते बसणं फार आवडायचं. घरी अनिरुद्धच्या डोळ्यांपुढे सतत काहीतरी असायचं, कधी लॅपटॉप, कधी मोबाइल. रस्त्याच्या कडेला मात्र तो सगळा तिच्या वाट्याला यायचा. वडील गेले तेव्हाचं सगळं तिने त्याला तिथेच सांगितलं. मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, ते दोघांनी मिळून ऐकलं होतं. पण त्यावर ती मोकळेपणी बोलली ती भोरच्या रस्त्याला, एका वडाखाली. तो मध्ये एक शब्दही न बोलता समोर बसून होता. असं ऐकून घेणारा नवरा किती जणींना मिळतो, असं तेव्हा तिला वाटलं होतं. पुढे लग्न मोडलं तरी ती दुपार तिने मोडू दिली नव्हती.

खरं म्हणजे त्या दुखण्यावरचा इलाज तिला पहिल्याच वर्षी सापडला होता. किल्लीपासून स्टार्टरपर्यंतची वायर बारीक, जुनी, लांबून वळसा घालून आलेली. इंजिन तापलं की तिच्यातून पुरेसा करंट पोचायचा नाही. मध्ये एक रिले, म्हणजे जास्त करंट पेलणारा छोटा स्विच, बसवायचा, बॅटरीपासून नवी जाड वायर ओढायची, संपलं. भीमरावांनी हे काम चहा निवायच्या आत केलं असतं. जयाने केलं नाही. "जुन्या गाड्यांना असं असतंच," असं ती अनिरुद्धला सांगत राहिली, कारण वायर बदलली असती तर ते बसणंही संपलं असतं. आणि घटस्फोटानंतर तर तेवढ्या एका टक् आवाजावर त्याचे फोन येत होते.

गाडी कर्वेनगरच्या एका अमृततुल्यासमोर उभी होती, मागचं झाकण उघडं. अनिरुद्ध टेकून उभा होता. केस जरा पांढरे झाले होते आणि ते त्याला शोभत होते, मेल्याला. शेजारच्या कठड्यावर एक मुलगी तीन कप चहा सांभाळत बसली होती.

"ही पायल," अनिरुद्ध म्हणाला. "सांगायचं होतं तुला ते हेच. पुढच्या महिन्यात लग्न करतोय आम्ही. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगावं म्हटलं."

"अभिनंदन," जया म्हणाली. आवाज बरा निघाला. चहा मात्र तिने कठड्यावरच ठेवला आणि हत्यारांची पिशवी उघडली.

पायलचा तिला राग यायला हवा होता, पण मुलगी साधी निघाली. "तुम्हाला संडेला त्रास दिला, सॉरी," म्हणाली, आणि लगेच पुढे, "मला पण शिकवाल का? हा मला ड्राइव्ह करायला देतच नाही, पण मला खूप इच्छा आहे." मग जयाने तिला शिकवलं. चापट कुठे मारायची, काचेला हात कसा लावायचा, दुसऱ्या गिअरला कसं चुचकारायचं. आपला संसार आपल्या हाताने दुसरीला समजावून द्यायचा, तोही पान्यासकट! जया सांगत होती, "जोर नाही लावायचा गं. वाट बघायची."

"आणि हे गरम झाल्यावर बंद पडणं?" पायलने विचारलं. "आम्ही लग्नानंतर हिच्यातूनच कोकणात जाणार आहोत. याला परमनंट उपाय नाहीच का?"

अनिरुद्धच हसून म्हणाला, "नाही गं. जुन्या गाड्यांना असं असतंच."

तिचंच वाक्य. जयाने उघड्या झाकणाआत पाहिलं. नाही म्हटलं की फोन येत राहतील. कोकणातून येतील, पावसात येतील, आणि ती पिशवी घेऊन धावत राहील; त्या दोघांच्या बसण्याच्या मध्ये, चहाचा तिसरा कप होऊन.

"आहे," ती म्हणाली. "कोपऱ्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे ना? एक रिले आण आणि जाड वायर. मी लिहून देते."

अनिरुद्ध सामान घेऊन आला. जया वाकली आणि मग तिने मान वर केली नाही. हात आपोआप चालत होते. डोळे भरून येत होते, पण इंजिनमध्ये तोंड घातलेल्या माणसाचे डोळे कोण बघतो? शेवटचा जोड आवळून तिने पायलला एक चक्कर मारून यायला सांगितलं. गाडी तापून आली. बंद केली. "आता लाव," जया म्हणाली. पायलने किल्ली फिरवली आणि बाईसाहेब एका दमात गरजल्या.

अनिरुद्धने अक्षरशः टाळ्या वाजवल्या. "जया, कमाल केलीस! अगं, सुटलो. त्या बसण्याचा काय वैताग यायचा सांगू! तू बोलत असायचीस आणि माझं सगळं लक्ष इंजिनकडे. कधी एकदा निवतंय आणि निघतोय, असं व्हायचं."

तो सहज बोलून गेला. दुखवायचं त्याच्या मनातही नव्हतं, आणि म्हणूनच ते खरं होतं.

जया पाने पुसून एकेक पिशवीत ठेवत राहिली. भोरच्या रस्त्यावरचा तो वड, ती दुपार, तो गप्प बसलेला नवरा. तो ऐकत नव्हता. तो इंजिन निवायची वाट बघत होता. लग्न मोडलं तेव्हाही तिला एवढं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान ती दुपार तरी तिच्याकडे होती.

"सोडतो तुला," अनिरुद्ध म्हणाला.

"दोनच सीट आहेत."

तो ओशाळून हसला आणि पायलच्या शेजारी बसला. गाडी हलताना त्याने सवयीने खिडकीतून हात बाहेर काढला. "काही झालं तर फोन करतो हं!"

"आता काही होणार नाही," जया म्हणाली.

गाडी पहिल्यावरून अलगद दुसऱ्यावर गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. अमृततुल्यासमोरच्या कठड्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, जया ढसाढसा रडली. फोन यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने केलेलं काम होतं ते, बिघडणार नव्हतं.